खाडीतली लाट की वायरीतली?

तुमचं पत्र दोनदा वाचलं, सोबतचे ग्राफ मोठे करून पाहिले. प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझी समजूत कुठे चुकली असेल तर तुमच्या लगेच लक्षात येईल.

दाभोळच्या खाडीत जेट्टीच्या खांबाला चार इंची पीव्हीसी पाइप उभा बांधून त्यात तुम्ही पाण्याच्या दाबावर चालणारा लेव्हल सेन्सर सोडला आहे. रेंज ० ते १० मीटर, दोन वायरींचा, पाण्याच्या उंचीप्रमाणे ४ ते २० मिलिअँपिअर करंट सोडणारा. जेट्टीवरच्या डब्यात २५० ओहमचा रेझिस्टर आहे, त्यावर १ ते ५ व्होल्ट मिळतात आणि ते साठ मीटर केबलने किनाऱ्यावरच्या खोलीत येतात. तिथे एनआय (नॅशनल इन्स्ट्रुमेंट्स) कंपनीचं, व्होल्टेज मोजून आकडे लॅपटॉपला देणारं युएसबी-६००९ कार्ड, लॅपटॉप आणि ते आकडे नोंदवणारं लॅबव्ह्यू सॉफ्टवेअर. सेकंदाला दहा सॅम्पल, म्हणजे दहा मोजण्या. सेन्सरला २४ व्होल्ट बॅटरीतून, बॅटरीला चार्जर. शिवाय पाण्याचं तापमान घ्यायला दहा किलोओहमचा थर्मिस्टर, म्हणजे तापमानाबरोबर बदलणारा रेझिस्टर.

तक्रारी अशा: पाइपातलं पाणी स्थिर दिसत असतानाही ग्राफवर आठ-दहा सेकंदांची लाट आहे, चार सेंटीमीटर वर आणि चार खाली. ज्या चॅनेलला काहीच जोडलेलं नाही तो १.४ व्होल्ट दाखवतो. प्रोग्राम मधेच -२००२८४ हा एरर कोड देऊन थांबतो, आणि सॅम्पलचा वेग वाढवला की -२००२७९ देतो. तापमान काचेच्या थर्मामीटरपेक्षा पाऊण अंश जास्त येतं. आणि पाऊस लागला की पाणी पंधरा सेंटीमीटर चढतं, दुसऱ्या दिवशी ऊन पडलं की उतरतं. तुमचा अंदाज असा की ती लाट म्हणजे बाहेरच्या अरबी समुद्रातून खाडीत शिरणारी स्वेल (दूरच्या वाऱ्याने उठलेली संथ, लांब लाट) आहे, आणि ती अहवालात घालावी का असं तुम्ही विचारलं आहे.

नका घालू. ती समुद्राची नाही, विजेची आहे. हे मी छातीठोकपणे सांगतोय कारण तुमच्याच पत्रात एक वाक्य तुम्ही सहज लिहून गेलात: "गुरुवारी तासभर लाइट नव्हती तेव्हा मात्र ग्राफ एकदम सपाट आला." लाइट गेली म्हणून समुद्र थांबत नाही.

या लाटेने मलाही एकदा फसवलं आहे. मी लोटे-परशुरामच्या औद्योगिक वसाहतीत इन्स्ट्रुमेंटेशनमध्ये बरीच वर्षं काढली. टाक्या, पंप, बॉयलर यांच्यात वाढलेला माणूस. अशाच एका खाडीत हौसेने सेन्सर लावला आणि जेट्टीवर बसलेल्या एका म्हाताऱ्या तांडेलाला लॅपटॉप दाखवला, की बघा, दर दहा सेकंदाला लाट. त्याने पडद्याकडे पाहिलंच नाही. वाकून पाइपात डोकावला आणि म्हणाला, "अवो सायेब, पानी तर निजलंय." त्याचं म्हणणं खरं होतं. ते कळायला मला मात्र दोन आठवडे लागले.

आता हे होतं कसं? भारतातली वीज ५० हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला पन्नास फेरे घेणारी. तिचा थोडासा अंश तुमच्या वायरीत शिरला आहे. तुम्ही सेकंदाला दहा वेळा मोजता, म्हणजे दोन मोजण्यांमध्ये विजेचे बरोबर पाच फेरे पूर्ण होतात. फ्रीक्वेन्सी काटेकोर ५० असती तर तुम्हाला दर वेळी फेऱ्यातला तोच बिंदू सापडला असता आणि ग्राफ सपाट दिसला असता, थोडा सरकलेला, पण सपाट. पण आपल्या ग्रिडची फ्रीक्वेन्सी हलती असते. ती ४९.९० ते ५०.०५ हर्ट्झमध्ये ठेवावी असा नियम आहे. समजा ती ४९.९ आहे. तर ५० शी फरक उरला ०.१ हर्ट्झचा, म्हणजे दहा सेकंदांची लाट. ४९.९५ झाली की वीस सेकंदांची. बरोबर ५० वर आली की लाट मिनिटभर थिजल्यासारखी होते. तुमच्या दुसऱ्या ग्राफवर मधेच लाट लांब-लांब होत गेलेली दिसते ना, तो ग्रिडचा चढउतार आहे. दुर्दैव असं की पावसाळी स्वेलचा काळही साधारण याच घरातला असतो, त्यामुळे सोंग अगदी बेमालूम वठतं.

हे कोकणी माणसाला समजायला अवघड नाही. भरती सव्वाबारा-साडेबारा तासांनी येते, नेमकं सांगायचं तर १२ तास २५ मिनिटांनी. समजा एखादा माणूस रोज सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहाला, तेवढ्याच दोन वेळा जेट्टीवर जातो आणि पाणी कुठवर आहे ते वहीत लिहितो. दर खेपेला भरती पंचवीस मिनिटांनी मागे पडलेली. त्याच्या वहीत पाणी हळूहळू उतरत जाईल, मग हळूहळू चढेल, आणि पूर्ण फेरा व्हायला पंधरवडा लागेल. तो शपथेवर सांगेल की खाडीला भरती पंधरा दिवसांतून एकदा येते. वहीतला एकही आकडा खोटा नाही. मोजायच्या वेळा चुकल्या, एवढंच. तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढणारी आपल्याकडची माणसं त्याला हसतील. पण तुमचं कार्ड नेमकं तेच करतंय. याला एलियसिंग म्हणतात, आणि एकदा आकडा असा फाइलीत शिरला की नंतर कुठल्याही फिल्टरने तो बाहेर काढता येत नाही. सॉफ्टवेअरला तो खऱ्या लाटेइतकाच खरा दिसतो.

खात्री करायची असेल तर दहा मिनिटांचं काम आहे. सॅम्पलचा वेग १० ऐवजी ११ करा. दुसरं काही हलवू नका. खरी लाट दहा सेकंदांची असेल तर ती दहा सेकंदांचीच राहील. समुद्राला तुमच्या वेगाशी देणंघेणं नाही. सोंग असेल तर हळू लाट गायब होऊन ग्राफवर दाट केसाळ पट्टा दिसेल, कारण ५० हर्ट्झ आता सेकंदाला पाच आवर्तनांच्या जवळपास येऊन पडते. मी आता कुठल्याही संशयास्पद लाटेची पहिली हीच परीक्षा घेतो.

उपाय सॉफ्टवेअरमध्ये आधी करा, कारण तो फुकट आहे. वेग सेकंदाला १००० करा, एका वेळी १००० सॅम्पल उचला आणि त्यांची सरासरी एक आकडा म्हणून लिहा. एका सेकंदात विजेचे पन्नास फेरे येतात, वरची अर्धी आणि खालची अर्धी एकमेकांना खातात. फ्रीक्वेन्सी ४९.९ असली तरी उरतं ते मूळच्या पाचशेव्या हिश्श्याइतकं. तुमच्या सेन्सरला एक मीटर पाणी म्हणजे १.६ मिलिअँपिअर, म्हणजे रेझिस्टरवर ०.४ व्होल्ट, सेंटीमीटरला ४ मिलिव्होल्ट. तुमची चार सेंटीमीटरची लाट म्हणजे १६ मिलिव्होल्ट. तिचा पाचशेवा हिस्सा काढा, काहीच उरत नाही.

पण एवढ्यावर थांबू नका. रोग वायरीत आहे, सरासरी ही त्यावरची गोळी. तुमच्या आकृतीत दोन गोष्टी मला खटकल्या.

पहिली, रेझिस्टर जेट्टीवर आहे. मग ४ ते २० मिलिअँपिअरचा सेन्सर घेण्यात अर्थच काय राहिला? वायर आणि जोड धड असतील तर करंट वाटेत गळत नाही, साठ मीटर जा की सहाशे, जितका निघाला तितका पोहोचतो, आणि वाटेत वायरीत घुसणाऱ्या फुटकळ व्होल्टेजला दाद देत नाही. तुम्ही मात्र जेट्टीवरच त्याचं व्होल्टेज करून ते नाजूक बाळ साठ मीटर चालवत आणलंत. रेझिस्टर काढा आणि खोलीत, कार्डाच्या स्क्रू टर्मिनलवर लावा. चांगल्या प्रतीचा, ०.१ टक्क्याचा घ्या. साध्या पाच टक्केवाल्याने पाच टक्क्यांची चूक फुकट मिळते.

दुसरी, शील्ड, म्हणजे केबलच्या तारांभोवतीचं धातूचं आवरण. तुम्ही लिहिलंय, "जास्त सुरक्षित म्हणून दोन्ही टोकांना अर्थ केली." जेट्टीवर एक सळई ठोकलेली आणि खोलीत वायरिंगचं अर्थिंग. ही दोन अर्थिंगं एकाच पातळीवर नसतात, त्यांच्यात थोडा फरक असतोच, आणि तुम्ही शील्डने त्या दोघांची गाठ मारून दिलीत. आता तो फरक शील्डमधून करंट वाहवतो आणि शील्ड जे अडवायला लावली तेच आत आणून सोडते. शील्ड खोलीच्या बाजूला जोडा आणि जेट्टीच्या बाजूला मोकळी कापून टेप लावा. केबल मोटारीच्या किंवा पंपाच्या केबलला चिकटून येत असेल तर तीही बाजूला करा. एका कारखान्यात एका टाकीची लेव्हल दुपारी नाचायची, मी तीन दिवस ट्रान्समीटरला शिव्या घातल्या. शेवटी निघालं काय, तर दुपारच्या पाळीत चालणाऱ्या मोटारीच्या ड्राइव्हची केबल त्याच ट्रेमधून गेलेली.

जोडणी बदलली की कार्डावर सिंगल-एंडेड (एक वायर आणि ग्राउंड यांतला फरक मोजणं) सोडून डिफरन्शियल (दोन वायरींमधला फरक मोजणं) घ्या. त्यात नॉइज कमी होतोच, पण या कार्डावर आणखी एक फायदा आहे. सिंगल-एंडेडमध्ये ६००९ ला १३ बिट आणि एकच रेंज, ±१० व्होल्ट. म्हणजे एक पायरी २.४४ मिलिव्होल्टची, तुमच्या भाषेत सहा मिलिमीटर. डिफरन्शियलमध्ये १४ बिट मिळतात आणि रेंज ±५ व्होल्ट निवडता येते, पायरी ०.६१ मिलिव्होल्टवर येते, दीड मिलिमीटर. मात्र लॅबव्ह्यूत टास्क, म्हणजे कार्डाला द्यायचं मोजण्याचं काम, तयार करताना मिनिमम-मॅक्सिमममध्ये -१० आणि १० तसंच ठेवलंत तर हा फायदा मिळत नाही. तिथे -५ आणि ५ टाकावं लागतं. हा चौकोन बहुतेक जण पाहतसुद्धा नाहीत. बॅटरीवरचा लूप, म्हणजे करंटचा बंद फेरा, तरंगता आहे, कुठेच ग्राउंडला बांधलेला नाही, म्हणून रेझिस्टरचं खालचं टोक कार्डाच्या एआय मायनस (उणे इनपुट) टर्मिनलला आणि तिथूनच एका छोट्या तारेने कार्डाच्या ग्राउंडला द्या.

आता ते १.४ व्होल्ट. यात बिघाड काही नाही, हे त्या कार्डाच्या बांधणीतच आहे. ६००९ च्या प्रत्येक इनपुटच्या आत रेझिस्टरांची साखळी आहे, एक पाय ग्राउंडला, एक पाय आतल्या २.५ व्होल्ट रेफरन्सला. बाहेर काही जोडलेलं नसेल तर इनपुट आपोआप १.४ च्या आसपास जाऊन बसतं. मोकळा चॅनेल टास्कमधून काढून टाका, नाहीतर ग्राउंडला जोडून द्या. पण ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण एक दिवस लेव्हलची वायर सुटेल आणि ग्राफ १.४ व्होल्ट म्हणजे एक मीटर पाणी दाखवत राहील. अगदी शहाण्यासारखा आकडा! ज्याला माहीत नाही तो महिनाभर तो लिहून घेईल. रेझिस्टर कार्डावर आणला की हा धोका टळतो: वायर तुटली तर रेझिस्टर आकडा शून्यावर खेचतो, आणि १ व्होल्टच्या खालचा कुठलाही आकडा म्हणजे लूप तुटला हे उघड कळतं. ४ मिलिअँपिअरपासून सुरुवात करण्यामागची युक्ती तीच आहे. प्रोग्राममध्ये ०.९ व्होल्टखाली लाल दिवा लावून ठेवा.

तुमच्या तापमानाची चूकही याच साखळीतून आली आहे. बाहेरून पाहता या इनपुटचा इम्पीडन्स, म्हणजे करंटला होणारा अडथळा, १४४ किलोओहम आहे, फारसा मोठा नाही. २५० ओहमच्या रेझिस्टरला त्याचा त्रास नाही, तीन व्होल्टला जेमतेम तीन मिलिव्होल्ट खाली ओढतो. पण तुमचा थर्मिस्टर दहा किलोचा, त्याच्या आणि ५ व्होल्टच्या मधला वरचा रेझिस्टर दहा किलोचा, दोन्ही मिळून कार्डाला दिसतात पाच किलो. २५ अंशांच्या आसपास मधला बिंदू २.५ व्होल्टवर असायला हवा. कार्ड त्याला १.४ कडे ओढतं आणि तो सुमारे ३७ मिलिव्होल्ट खाली येतो. तिथे एक अंश म्हणजे साधारण ५५ मिलिव्होल्ट. भागाकार करा, ०.७ अंश येतात. थर्मिस्टर खालच्या बाजूला असल्याने व्होल्टेज घटलं की तापमान जास्त दिसतं. तुमचा पाऊण अंश सापडला. मल्टिमीटर लावून पाहिलंत तर एक गंमत दिसेल: कार्डाची वायर काढून मोजा, मग जोडून मोजा. आकडा तुमच्यासमोर खाली बसेल. यावर मधे एलएम३५८ सारख्या साध्या ऑप-अँप चिपचा बफर (थर्मिस्टरवर ओझं न टाकता व्होल्टेज पुढे देणारा टप्पा) घाला, कार्डाच्याच ५ व्होल्टवर चालेल. किंवा ती ओढ गणितात धरा. मी बफर घालतो, कारण गणितातली दुरुस्ती पुढच्या माणसाला कधीच सापडत नाही.

एरर कोड मी भराभर सांगतो, कारण ते दिसतात भयंकर पण आहेत सरळ. -२००२८४ म्हणजे मागितलेली सॅम्पल अजून आलीच नाहीत. तुम्ही सेकंदाला १० च्या वेगाने १०० सॅम्पल मागता, ती जमायला दहा सेकंद लागतात, आणि डीएक्यूएमएक्स रीडचा, म्हणजे लॅबव्ह्यूत कार्डातून सॅम्पल उचलणाऱ्या भागाचा, टाइमआउट (वाट पाहायची मुदत) मुळात दहा सेकंदांचाच असतो. दोघांची शर्यत, कधी हा जिंकतो कधी तो. -२००२७९ उलटं: कार्ड भरत राहिलं, तुम्ही उचलायला उशीर केला आणि जुनी सॅम्पल नव्यांखाली पुसली गेली. उशीर का, तर तुमच्या प्रोग्रामच्या लूपमध्ये, म्हणजे पुन्हा पुन्हा चालणाऱ्या भागात, प्रत्येक फेरीला टेक्स्ट फाइल उघडणं, लिहिणं, बंद करणं चाललंय, आणि ग्राफही सगळा इतिहास बाळगतोय. वाचणारा लूप आणि लिहिणारा लूप वेगळे करा, मधे क्यू (आकड्यांची रांग) ठेवा. फाइल एकदाच उघडा. एनआयचा टीडीएमएस हा फाइलप्रकार वापरलात तर उत्तम. लेव्हल आणि तापमान एकाच टास्कमध्ये दोन चॅनेल म्हणून घ्या. या कार्डावर ॲनालॉग इनपुटचे दोन टास्क एका वेळी चालत नाहीत, दुसरा सुरू केला की -५०१०३ येतो. एनआयच्या मॅक्स या कार्ड तपासायच्या सॉफ्टवेअरमधलं टेस्ट पॅनेल उघडं विसरलात तरी तोच येतो, आणि त्या वेळी माणूस तासभर स्वतःच्या प्रोग्रामला दोष देत बसतो.

फाइलीत काय लिहायचं याबद्दल मात्र माझा हट्ट आहे. व्होल्ट लिहा, मीटर नव्हे. (व्होल्ट - १) गुणिले २.५ म्हणजे मीटर, हे गणित दाखवायला पडद्यावर करा, पण फाइलीत व्होल्टच जाऊ दे. पुढे रेझिस्टर २४९.३ ओहमचा निघाला किंवा सेन्सरचा शून्य सरकला, तर व्होल्टवरून सगळं वर्ष पुन्हा काढता येतं. मीटर लिहिले असतील तर त्यात कुठली चूक कधीपासून मुरली आहे हे कोणी सांगायचं? दर सेकंदाच्या सरासरीबरोबर त्या हजार सॅम्पलांतला किमान, कमाल आणि स्टँडर्ड डेव्हिएशनही लिहा. सरासरी गुळगुळीत दिसत असताना डेव्हिएशन हळूहळू वाढू लागलं की समजा, कुठेतरी टर्मिनल सैल होतंय. सगळी कच्ची सॅम्पल ठेवू नका. १००० च्या वेगाने एक चॅनेल दिवसाला सुमारे ६९० एमबी खातो. तासातून एक मिनिट कच्चं ठेवा, पुरतं. आणि एक्सेलमध्ये थेट उघडायचा मोह सोडा. त्यात १०,४८,५७६ ओळी मावतात, तुमच्या दहाच्या वेगाने त्या २९ तासांत संपतात. लॅपटॉपची झोप आणि युएसबीची वीजबचत बंद करायला विसरू नका.

आता पाऊस. मला तुमच्या पत्रातला हा भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण लाटेने अहवाल बिघडेल, पण याने उद्या कोणीतरी चुकीची सूचना देईल. २२ जुलै २०२१ च्या पुरात वाशिष्ठीने चिपळूणचं काय केलं ते आपण पाहिलंय. दाभोळला, त्या नदीच्या मुखाशी, "पाणी पंधरा सेंटीमीटर चढलं" हे वाक्य हलक्याने घ्यायचं नाही. आणि खोटंही लिहायचं नाही.

माझा संशय जेट्टीवरच्या डब्यावर आहे. दोन वायरींच्या लूपमध्ये सेन्सरच्या दोन टोकांमध्ये ओल आली तर सेन्सरला वळसा घालून थोडा करंट त्या ओलीतून जातो आणि रेझिस्टरवर दोघांची बेरीज दिसते. म्हणून गळती नेहमी पाणी वाढल्यासारखी दिसते. पंधरा सेंटीमीटर म्हणजे ०.२४ मिलिअँपिअर. टर्मिनलवर बावीसेक व्होल्ट असतील तर गळतीचा रेझिस्टन्स येतो नव्वद किलोओहमच्या आसपास. खारं वारं बसलेल्या टर्मिनल पट्टीवर पावसाची ओल आली की नव्वद किलो म्हणजे काहीच नाही. ऊन पडलं, पट्टी वाळली, पाणी "उतरलं". पुराचं पाणी उन्हाची वाट बघत नाही.

डबा उघडून बघा. मला जे दिसेल असं वाटतं ते सांगतो: तांब्यावर हिरवट पूड, स्क्रूभोवती पांढरी मिठाची कड, आणि तळाशी मेलेल्या मुंग्यांचा थर. मुंग्यांना हे डबे फार आवडतात. पट्टी गोड्या पाण्याने धुवा, हो, गोड्या पाण्यानेच, मीठ कापडाने जात नाही. मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, पूर्ण वाळवा. उघड्या तांब्याऐवजी कथील चढवलेली तार घ्या. केबल डब्यात वरून कधीच शिरू देऊ नका. खालून ग्लँडमधून (केबल घट्ट धरणाऱ्या बुचातून) आणि त्याआधी एक झोळ, म्हणजे पाणी झोळाच्या तळाशी टपकून जातं.

आणि इथे एक सापळा आहे, ज्यात शहाणी माणसंसुद्धा पडतात. ओल नको म्हणून लोक डबा सिलिकॉनने ठासून बंद करतात. तुमच्या सेन्सरच्या केबलमध्ये एक बारीक नळी आहे, हवेचा दाब खाली पोहोचवणारी. सेन्सर पाण्याचा दाब त्या हवेच्या तुलनेत मोजतो. त्या नळीचं तोंड बंद डब्यात असेल तर तो वातावरण सोडून डब्यातली हवा मोजू लागतो. सकाळी २५ अंशांचा डबा दुपारी उन्हात ४५ ला गेला तर पूर्ण हवाबंद डब्यातला दाब सुमारे ६८ हेक्टोपास्कल वाढतो. एक हेक्टोपास्कल म्हणजे जवळपास एक सेंटीमीटर पाणी. हिशेब करा, भर दुपारी खाडी दोन फुटांहून जास्त ओसरलेली दिसेल. तुमच्याकडे दुपारचे आकडे जरा जास्तच खाली जातात असं मला ग्राफवरून वाटतंय, त्यामुळे नळीचं तोंड कुठे उघडतं ते नक्की बघा. डब्याला पाणी अडवणारा पण हवा सोडणारा ब्रीदर लावा, नळीच्या तोंडाशी सिलिका जेलची कुपी ठेवा, आणि जेलचा रंग बदलला की बदला. पावसाळ्यात तो तुमच्या अपेक्षेपेक्षा फार लवकर बदलतो.

कुठलाही आकडा संशयास्पद वाटला तर मी साखळी मधोमध तोडतो. आधी कार्डावर प्लस-मायनस आखूड तारेने एकमेकांना आणि ग्राउंडला जोडायचे: शून्याच्या आसपास जेमतेम हललं तर कार्ड ठीक. मग तिथेच भिंतीवरच्या घड्याळातला सेल लावायचा. नवा असेल तर दीडच्या थोडं वर, आणि अगदी शांत. सेल शांत दिसला तर कार्ड, लॅपटॉप, प्रोग्राम निर्दोष सुटले, आरोपी बाहेर आहे. सेलसुद्धा नाचत असेल तर लॅपटॉपचा चार्जर काढून पुन्हा बघायचं. त्यानंतर मल्टिमीटर थेट रेझिस्टरवर, आधी डीसी, मग एसी मिलिव्होल्ट. तुमच्या बाबतीत एसीवर दहा-अकरा मिलिव्होल्ट दिसायला हवेत. शील्ड सुधारल्यावर ते किती घटले त्यावरूनच काम झालं की नाही ते ठरेल. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि वेळेसकट वहीत लिहा.

लेव्हलची खरी परीक्षा सोपी आहे. एक मीटरचा पाइप खालून बंद करून नळाच्या पाण्याने भरा, सेन्सर तळाशी सोडा. रिकाम्या पाइपापेक्षा ०.४ व्होल्ट वाढायला हवेत. पण हे गोडं पाणी. समुद्राच्या पाण्याची घनता १०२५ च्या आसपास, गोड्याची १०००. अडीच टक्के फरक क्षुल्लक वाटतो, पण सेन्सरवर चार मीटर पाणी असेल तर तो दहा सेंटीमीटर होतो. तुमच्या खाडीत तर कोयनेच्या वीजघरांतून वाशिष्ठीत सोडलेलं पाणीही येतं, म्हणजे उन्हाळ्यातही गोडं-खारं प्रमाण बदलत राहतं, आणि जुलैत नदी फुगली की पाणी गोडंच म्हणायचं. एकच गुणक वर्षभर लावू नका. महिन्यातून एकदा उधाणाला (मोठ्या भरतीला) आणि एकदा भांगाला (लहान भरतीला), बाटलीत पाणी घेऊन साध्या हायड्रोमीटरने घनता मोजा आणि फाइलीत त्या तारखेपुढे लिहा.

आणि खांबावर रंगाने सेंटीमीटरच्या खुणा मारून घ्या. जेट्टीवर रोज येणाऱ्या कुणालाही सांगा, भरती आणि ओहोटीला एकेकदा आकडा वाचून वेळेसकट सांग म्हणून. पुढच्या पावसात ग्राफ चढला आणि खांबावरचा आकडा नाही चढला, तर सरळ डबा उघडायला जा.